बंदूक, घरटे आणि लांब पल्ल्याचे भिंग

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. उर्दूत तस्वीर ‘खींची’ जाते किंवा ‘उतारी’ जाते. दोन्ही क्रियापदांत कुणाला इजा होत नाही. इंग्रजीत मात्र फोटो ‘शूट’ करतात, आणि हल्ली दुर्बिणी-कॅमेरे घेऊन पहाटे बाहेर पडणारी आपली पोरेही एकमेकांना ‘आज काय शूट केलंस?’ असेच विचारतात. हा शब्द सहज रुळलेला नाही. पक्ष्यांच्या छायाचित्रणाच्या इतिहासात बंदूक अगदी सुरुवातीपासून आहे, आणि ती खाली ठेवायला माणसाला बराच वेळ लागला.

१८८२ साली एतियन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने खरोखरच बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता, चाप, लांब नळी, सगळे बंदुकीसारखे. फक्त काडतुसांच्या जागी फिरणारी काचेची तबकडी. चाप ओढला की एका सेकंदात बारा चित्रे. उडताना पक्ष्याचे पंख नेमके कसे हलतात ते त्याला पाहायचे होते. नेम धरायचा, चाप ओढायचा आणि पक्षी मात्र उडून जायचा, असे बहुधा पहिल्यांदाच घडत होते.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. (डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील ते हेच सखाराम अर्जुन.) शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा. झाडावरच्या पक्ष्याची लांबी, चोचीचा आकार, पंखाखालचा रंग नुसत्या डोळ्यांनी खात्रीने कळत नसे. मग गोळी घालायची, कातडे सोलायचे, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायचे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेमुळे माहीत आहेत. ज्या १८८५ साली काँग्रेस स्थापन झाली, त्याच साली त्यांनी आपला पक्षीसंग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात साठ हजारांहून जास्त कातडी होती. भारतातल्या पक्ष्यांविषयीचे आपले पायाभूत ज्ञान या कपाटांतून आलेले आहे, हे नाकारून चालणार नाही.

न मारता पक्षी पाहायची रीत आपल्याकडे नव्हतीच, असेही नाही. जहांगीर बादशहाने सारसांची एक जोडी पाळली होती आणि त्यांना लैला-मजनू अशी नावे दिली होती. ती कशी जुळतात, अंडी कशी उबवतात, याच्या बारीक नोंदी त्याने आपल्या आठवणींत केल्या आहेत. त्याच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने काढलेली पक्ष्यांची चित्रे पाहिली की पिसापिसाचा हिशेब लागतो. पण हाच जहांगीर पट्टीचा शिकारीही होता. एकाच माणसाच्या एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात वही, हे चित्र पुढे तीनशे वर्षे फारसे बदलले नाही. मुघल बादशहांच्या या दोन्ही बाजूंवर १९२७ साली सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिणारा तरुण होता सालिम अली.

सालिम अलींची कथाही बंदुकीपासूनच सुरू होते. १२ नोव्हेंबर १८९६ चा त्यांचा जन्म. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीच्या घरात ते वाढले. हातात छऱ्याची बंदूक आणि निशाण्याला चिमण्या. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, एवढे पोराच्या लक्षात आले. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड हे व्यवसायाने दारूच्या व्यापारी पेढीतले साहेब. त्यांनी चिमणी ओळखून दिली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली आणि कातडे कसे काढायचे तेही पुढे शिकवण्याची सोय केली. एक मेलेली चिमणी आणि एक सहनशील साहेब, एवढ्या भांडवलावर भारतातले एक मोठे आयुष्य उभे राहिले.

पण कॅमेरा तर १८३९ पासून जगात होता. मग पक्ष्यांसाठी बंदूकच का? याचे उत्तर गणितात आहे, आणि शिक्षक असल्यामुळे ते फळ्यावर मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

अंगणातला लाल बुडाचा बुलबुल घ्या. (उर्दू शायरीतला बुलबुल हा नव्हे, तो इराणकडचा गाणारा पक्षी, मुले नेहमी गोंधळतात.) आपला बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण वीस सेंटिमीटर. तो पेरूच्या झाडावर तुमच्यापासून सहा मीटरवर बसला आहे. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगातून त्याची फिल्मवर पडणारी प्रतिमा पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास भरते. तांदळाचा दाणाही याहून मोठा. ३०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर तीच प्रतिमा साडेदहा मिलिमीटरची होते. साध्या भिंगातून एवढीच प्रतिमा हवी असेल, तर बुलबुलापासून एक मीटरवर जाऊन उभे राहावे लागेल. आता कोणता पक्षी माणसाला एक मीटरवर येऊ देतो? एकच. जो अंड्यांवर बसला आहे, किंवा ज्याची पिल्ले चोच उघडून वाट पाहत आहेत.

त्यामुळे पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा पहिला अध्याय हा घरट्यांचा अध्याय आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या थ्वेट गावातले रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे दोघे भाऊ लंडनच्या कॅसेल प्रकाशन संस्थेत कामाला होते. रिचर्ड लहानपणी घरटी शोधताना पडला होता आणि कायमचा लंगडा झाला होता. एप्रिल १८९२ मध्ये लंडनजवळ त्यांनी एका घरट्याचे, आतल्या अंड्यांसह, छायाचित्र घेतले. १८९५ साली ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हे पुस्तक आले. सगळी चित्रे खऱ्या रानात, खऱ्या घरट्यांजवळ काढलेली. जवळ जाण्यासाठी या भावांनी काय काय सोंगे काढली! खोटा खडक, खोटे झाडाचे खोड, पेंढा भरलेली मेंढी आणि शेवटी बैलाचे पोकळ कातडे. आत माणूस वाकून बसलेला आणि बैलाच्या अंगाला पाडलेल्या भोकातून भिंग बाहेर डोकावणारे.

हे वाचताना हसू येते, पण घरट्याजवळ माणूस गेला की किंमत कुणीतरी चुकवतेच. बिथरलेला पक्षी अंडी सोडून जातो. फोटोत आड येणारी फांदी छाटली की पिल्लांवर ऊन येते आणि कावळ्याला वाट मोकळी होते. कधीकधी किंमत माणसानेही चुकवली आहे. एरिक हॉस्किंग हा ब्रिटनचा फार मोठा पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या लपणीकडे चढत असताना मादीने झेप घातली आणि त्याचा एक डोळा गेला. पुढे आत्मचरित्राला त्याने नाव दिले ‘ॲन आय फॉर अ बर्ड’. घुबडावर त्याचा राग नव्हता, तो नंतरही घुबडांचे फोटो काढत राहिला.

या सगळ्यातून सुटका करू शकणारी वस्तू मात्र तोपर्यंत तयार झालेली होती. १८९१ साली लंडनमध्ये टॉमस डालमायर, म्युनिकमध्ये श्टाइनहाइल आणि बर्लिनमध्ये मीटे अशा तिघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, छायाचित्रणाचे टेलिफोटो भिंग तयार केले. रचना सांगायला सोपी आहे. समोर उजेड गोळा करणारे बहिर्गोल भिंग, मागे तो थोडा पुन्हा फाकवणारे अंतर्गोल भिंग. त्यामुळे नळी आखूड राहते आणि प्रतिमा मोठी मिळते. गॅलिलिओच्या दुर्बिणीच्या जातीचीच युक्ती. आज जुन्या बाजारात टेलिफोटो म्हणून जे जे विकले जाते, ते सगळे या अर्थाने टेलिफोटो नसते. काही भिंगे नुसतीच लांब असतात. बुलबुलाला त्याने फरक पडत नाही.

इथे थोडे थांबून एक खुलासा करतो, कारण प्रकाश आणि भिंगे म्हटले की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर ‘कॅमेऱ्याचा शोध मुसलमानाने लावला’ हा संदेश हमखास फिरतो. इब्न अल-हैसम बसऱ्यात जन्मले आणि कैरोत वारले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, ही जुनी समजूत त्यांनी मोडून काढली. वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो, हे प्रयोगाने आणि भूमितीने मांडले. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उजेडाचा त्यांनी कसून अभ्यास केला. हे पुरेसे मोठे आहे. त्यांच्या गळ्यात कॅमेरा अडकवायची गरज नाही. आपल्या पूर्वजांनी जे केले नाही ते त्यांच्या नावावर चढवले, की जे केले त्यावरही लोक विश्वास ठेवेनासे होतात.

तर भिंग आले, पण पक्षी लगेच हाती लागला नाही. सुरुवातीची टेलिफोटो भिंगे अंधुक होती. उजेड इतका कमी की एका चित्राला बराच वेळ लागायचा. डोंगर, किल्ला, मशिदीचा मिनार यांना ते चालते. शिंजिराला नाही. शिवाय या भिंगातून नेमके काय दिसते आहे ते छायाचित्रकाराला पाहता आले पाहिजे. ती सोय आरशाच्या कॅमेऱ्यांनी केली. १९३६ साली ३५ मिलिमीटर फिल्मचा किने एक्झाक्टा आला, १९५९ साली निकॉन एफ. जे भिंगाला दिसते तेच डोळ्याला दिसू लागले. फिल्मही वेगवान झाली. आता बुलबुल फांदीवर असतानाच, त्याच्या घराशी न जाता, त्याचे चित्र मिळू लागले.

या मधल्या काळात आपल्याकडे काय चालले होते? मुंबईच्या कस्टम आणि मीठ खात्यात नोकरी केलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, म्हणजे ‘एहा’, हे सोसायटीच्या संस्थापकांपैकी. १९०० साली त्यांचे ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ आले. दुर्मीळ पक्षी नव्हेत, तर व्हरांड्यातून दिसणारे कावळे, मैना, बुलबुल, शिंपी. अंगणातल्या पक्ष्यांकडे असे निवांत बघावे, हा संस्कार मुंबईत बऱ्याच अंशी त्यांनी रुजवला असे मला वाटते.

आणि सालिम अली. जर्मनीत श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून ते १९३० साली परतले, तर संग्रहालयातली नोकरी शिल्लक नव्हती. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. उर्दूत हिला बया म्हणतात. लपून बसून त्यांनी महिनोन्‌महिने ती पाहिली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर आत राहते. मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. हा शोध १९३१ साली छापून आला. बेकारीच्या काळात, एकही गोळी न झाडता लागलेला हा शोध आहे. मात्र नंतर लगेच, हैदराबाद संस्थानाच्या पक्षी-सर्वेक्षणात (आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता) हातात पुन्हा बंदूक आली. अभ्यासासाठी नमुने गोळा करावेच लागतात, असे त्यांचे मत शेवटपर्यंत होते. आजच्या पक्षीमित्रांना हे अवघड वाटते, आणि मग कुणी त्यांना देव करतो, कुणी शिकारी ठरवतो. १९४१ सालचे त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हातात घेऊन लाखो लोकांनी पक्षी न मारता ओळखायला सुरुवात केली. ज्या कपाटांतल्या कातड्यांवरून हे पुस्तक शक्य झाले, ती कातडीच नंतर कमी लागू लागली. मला यात विसंगती दिसत नाही, क्रम दिसतो.

त्यांना कॅमेऱ्याचा सोबती मिळाला तो युद्धामुळे. लोक वान थो हे मलायातल्या मोठ्या धनिक घराण्यातले, पुढे कॅथे या चित्रपट संस्थेचे मालक. १९४२ साली सिंगापूर सोडून जाताना त्यांचे जहाज बॉम्बहल्ल्यात सापडले. ते भाजले, काही काळ डोळ्यांनी दिसेनासे झाले. त्यातून बरे होत ते भारतात पोहोचले आणि मुंबईत सालिम अलींची गाठ पडली. दृष्टी परत मिळालेल्या या माणसाने पुढे पक्षी पाहण्यातच मन लावले. दोघांनी मिळून अनेक सफरी केल्या. एकाकडे वही, दुसऱ्याकडे कॅमेरा. १९५७ साली लोक यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ निघाले. २० जून १९६४ रोजी तैवानमधल्या विमान अपघातात ते गेले.

युद्धाचा आणि या भिंगांचा संबंध एवढाच नाही. स्वीडनचे व्हिक्टर हॅसलब्लाड मुळात पक्षीवेडे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर त्यांचे सचित्र पुस्तक १९३५ सालीच आले होते. १९४१ मध्ये त्यांनी स्वीडिश हवाई दलासाठी कॅमेरा बनवला. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, आपल्याला पक्ष्यांसाठी हवा होता तसा कॅमेरा बाजारात आणला. तो जगभर गाजला, तोही पक्ष्यांपेक्षा नवरानवरीच्या फोटोंसाठी जास्त.

सोव्हिएत रशियात तर मारेची बंदूक परत आली. दुसऱ्या महायुद्धात लाल सैन्याच्या टेहळणीसाठी रायफलीसारखा दस्ता असलेला कॅमेरा तयार केला गेला, नाव ‘फोटोस्नायपर’. पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात त्याची नागरी आवृत्ती निघू लागली. झेनित कॅमेरा, पुढे ३०० मिलिमीटरचे ताईर-३ भिंग, खाली फोकसचे चाक, दस्ता आणि चाप. भिंगच दीड किलोच्या वर. सगळे सामान धातूच्या पेटीत बसवलेले. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघ कोसळला आणि या पेट्या जगभरच्या जुन्या बाजारांत स्वस्तात मिळू लागल्या.

अशा जुन्या भिंगांना आता जे दुसरे आयुष्य मिळाले आहे, त्यामागेही एक आकडा आहे. ४२ मिलिमीटर आट्यांच्या या भिंगांना फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. नव्या, आरसा नसलेल्या अनेक कॅमेऱ्यांत ते अंतर जेमतेम १८ ते २० मिलिमीटर आहे. उरलेली जागा एका पोकळ कड्याने भरून काढायची, की साठ वर्षांपूर्वीचे रशियन, जर्मन किंवा जपानी भिंग आजच्या कॅमेऱ्यावर बसते. नव्या लाखभराच्या भिंगापुढे हा खर्च किरकोळ.

माझ्याकडे असेच एक ताईर आहे. त्यात मोटार नाही, फोकस हाताने. पक्षी बसला की मग फोकस करू म्हटले, तर तोवर पक्षी गेलेला असतो. म्हणून आधी फांदी निवडावी लागते. दयाळ रोज सकाळी नळाच्या कोणत्या खांबावर येतो, तांबट वडाच्या कोणत्या वाळक्या फांदीवर ऊन घेतो, हे आठवडाभर नुसते पाहावे लागते. पांढऱ्या आभाळापुढे कावळा असला की त्याच्या कडांना जांभळी झालर येते. पावसाळ्यात जपले नाही, तर भिंगात बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्या लागतात.

दस्ता आणि चाप मात्र मी पेटीतच ठेवतो. खांद्याला रायफलीसारखी वस्तू लावून गच्चीवर उभे राहणे माझ्या नावाच्या माणसाला सध्या परवडणारे नाही, हे वेगळे सांगायला नको. तिपाई पुरते.

आता ६०० मिलिमीटरची भिंगे गावोगावी दिसतात. पन्नास फुटांवरून पापणी मोजता येईल अशी. तरीही काही जण घरट्याशीच जातात, आड येणारी पाने खुडतात, पिल्लांना बाहेर काढून फांदीवर ओळीत बसवतात. पक्षीमित्रांच्या अनेक गटांनी घरट्यांचे फोटो न घेण्याचा संकेत पाळायला सुरुवात केली आहे, ते बरेच झाले. कीअर्टन बंधूंकडे दुसरा उपाय नव्हता. आपल्याकडे तो १८९१ पासून आहे.

ताईरचा सर्वांत जवळचा फोकस साधारण तीन मीटर. आमच्या शाळेच्या कुंपणाला जास्वंद आहे, तिथे शिंजीर अगदी हाताच्या अंतरावर येतो. तेव्हा या भिंगातून नुसता हिरवा-जांभळा धूर दिसतो. अशा वेळी मुलांना हाक मारून बोलावतो आणि सगळे साध्या डोळ्यांनी बघतो.